तात्पुरत्याला गाठ नसते

आधीच कबूल करते — या सदरातले अनुभव मी आजवर हसायला म्हणून वाचत आले. कुणाला वळणावर पांढऱ्या साडीतली बाई दिसते, कुणाच्या गाडीत मागच्या सीटवर कोणीतरी येऊन बसतं... आणि मी डबा खाता खाता ते मोठ्याने वाचून दाखवायचे, अख्खं ऑफिस हसायचं. माझं काम नेटवर्कचं. आमच्या धंद्यात "मॅडम, आपोआप झालं" असं कोणी म्हणालं की आम्ही लॉग काढून समोर ठेवतो — बाबा रे, आपोआप नाही, मंगळवारी सव्वातीनला तूच केलंस. त्यामुळे हे लिहायला बसताना स्वतःचीच लाज वाटतेय. पण चार महिने झाले, सगळे लॉग चाळून झाले, आणि मला अजून कोणाचं नाव सापडलेलं नाही. म्हणून लिहिते. हसलात तरी चालेल, मीही हसलेच आहे.

आणखी एक. अमावस्या नव्हती, मध्यरात्र नव्हती, कुत्री रडत नव्हती. रविवारची सकाळ होती, बाहेर लख्ख ऊन, आणि टेबलावर माझा अर्धा खाल्लेला वडापाव.

मी उमरोळीची. घरची वाडी आहे, केळी आणि मिरची. मी मात्र मिरचीपेक्षा वायरींत रमले आणि बोईसरला तारापूर एमआयडीसीतल्या एका केमिकल कंपनीत लागले. नाव सांगत नाही, नोकरी करायची आहे. रोज स्कूटरने बेटेगाववरून जाते. कंपनीचं स्वतःचं छोटंसं डेटासेंटर आहे — म्हणजे ऑफिसच्या इमारतीत तळमजल्यावर एक थंडगार खोली, सहा रॅक म्हणजे यंत्रांची उघडी लोखंडी कपाटं, आणि दोन एसी, ज्यांतला एक गळतो म्हणून त्याच्याखाली कायम बादली. हेड ऑफिसवाले पाहणीला आले की बादली लपवायची, ही माझी नोकरीतली पहिली जबाबदारी.

ती मला शिकवली तामोरे मामांनी.

मामा दातिवऱ्याचे. घर मासेमारीचं, भावांची बोट अजून आहे. पण मामा बोटीवर पाय ठेवला की ओकायचे. बापाने दोन-तीन हंगाम वाट पाहिली, मग म्हणे, "हा दर्याचा नाय, याला कंपनीत टाका." म्हणून मामा इलेक्ट्रिशियन झाले. आमच्या कंपनीत चार कॉम्प्युटर होते तेव्हापासून प्रत्येक केबल त्यांनी स्वतः ओढली. दर्याने नाकारलं तरी हात जाळं विणायचेच राहिले. लोक केबलला कागदी लेबल लावतात, मामा हिरव्या नायलॉनच्या दोऱ्याची गाठ बांधायचे. केबल ओढली, दोन दिवस चालवून पाहिली, पक्की झाली, की टोकाशी एक निरगाठ. गाठीची शेंडी नेहमी उजवीकडे, आणि दोरा उसवू नये म्हणून सोल्डरिंगच्या सळईने टोक वितळवलेलं. केबल बंद झाली की स्वतः जाऊन गाठ कापायचे. आणि एखाद्या दिवसापुरती केबल ओढली असेल तर तिला गाठ नाही.

"तात्पुरत्याला गाठ नसते," म्हणायचे. "गाठ म्हंजे कायमचं."

मी लागले तेव्हा पहिल्याच दिवशी त्यांनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "काय गो पोरी, तू तात्पुरती का कायमची?"

"तात्पुरती मामा. अकरा महिन्यांचं कॉन्ट्रॅक्ट."

"मंग तुला गाठ नाय अजून," असं म्हणून त्यांनी मला अर्धा चहा दिला. पुढे तीन वर्षं दर अकरा महिन्यांनी कॉन्ट्रॅक्ट वाढायचं, आणि दर वेळी मामा विचारायचे, "झाली का कायम?" मी मान हलवायचे आणि मामा कंपनीला त्यांच्या भाषेत दोन शब्द सुनवायचे, ते इथे छापता येणार नाहीत.

मग हेड ऑफिसने ठरवलं की आपल्या डेटासेंटरमध्येही सॉफ्टवेअर डिफाइन्ड नेटवर्किंग आणायचं. नाव भारी, गोष्ट सोपी. जुन्या पद्धतीत प्रत्येक स्विचला — म्हणजे सगळ्या केबली ज्या खोक्यात येऊन मिळतात त्याला — आपापली अक्कल असते. कुठली माहिती कुठल्या वायरीने पाठवायची ते तो स्वतः ठरवतो, आणि काही बदलायचं तर एकेका स्विचला जाऊन सांगावं लागतं. नव्या पद्धतीत सगळ्यांची अक्कल काढून एका ठिकाणी ठेवायची. त्याला म्हणतात कंट्रोलर. तो एका जागी बसून सगळ्या स्विचना हुकूम देणार आणि तुम्हाला पडद्यावर अख्खं नेटवर्क चित्रासारखं दिसणार. मी तर हरखून गेले होते. मामांना अर्धा तास समजावलं.

त्यांनी शांतपणे ऐकलं. "म्हंजे उंटावरनं शेळ्या हाकायच्या."

"तसं नाही हो मामा. या उंटाला सगळ्या शेळ्या दिसतात."

"जी बें करल ती दिसल," मामा म्हणाले. "जी गप बसली ती?"

मी हसले. हे वाक्य इथे मुद्दाम लिहून ठेवते, कारण ते मला नंतर फार महाग पडणार होतं.

त्यांच्या निवृत्तीला दोन महिने उरले तेव्हा मामा माझ्या मागे लागले. "मला एक दिस दे. माज्यासंगती फिर, एकेक केबल दाखवतो. कागदावर नाय ते बी हाय." मी म्हणायचे, "पुढच्या आठवड्यात, मामा." कामं खरंच होती. पण खरं सांगायचं तर मला वाटायचं, म्हाताऱ्याला आता जायचं जड जातंय, म्हणून बहाणे काढतोय. एकदा तर मी म्हणाले, "तुम्ही एक्सेलमध्ये टाकून द्या ना." ज्या माणसाला माऊस धरता येत नाही, त्याला.

निवृत्तीला पंधरा दिवस असताना एका सोमवारी मामा आले नाहीत. दुपारी कळलं, अर्धांगवायूचा झटका. उजवी बाजू गेली आणि वाचा गेली.

मी एकदाच हॉस्पिटलात गेले. मला पाहिल्यावर मामांनी उठायचा प्रयत्न केला. तोंडातून नुसतं "आ... आ..." आणि डावा हात हवेत, बोटं वळतायत, वळतायत... काहीतरी सांगायचंय आणि सांगता येत नाही. मला ते बघवेना. मी मामींच्या हातात फळं दिली आणि पळाले, अक्षरशः पळाले. त्यानंतर सात महिने मी दातिवऱ्याला गेले नाही. दर रविवारी ठरवायचे आणि दर रविवारी काहीतरी निघायचं, म्हणजे मी काढायचे. मधेच माझी कायमची ऑर्डरही आली. पेढे वाटले. मामांना कळवलं नाही. काय तोंडाने कळवणार?

इकडे आमच्या प्रोजेक्टची नकटीच्या लग्नासारखी गत. सामान उशिरा आलं, आलं तर प्लग चुकीचे, आणि नवा रॅक दारातून आत जाईना म्हणून चौकट काढावी लागली. शेवटी सगळं उभं राहिलं आणि एक रविवार ठरला. त्या दिवशी प्लांट बंद ठेवायचा, जुना मोठा स्विच उतरवायचा आणि सगळं नव्यावर न्यायचं.

त्याआधीच्या गुरुवारी मी जुन्या केबलींची तपासणी केली. एकटीने, टॉर्च घेऊन, एकेका केबलीचा फोटो काढत. माझा नियम साधा होता — आणि त्याचा मला अभिमानही होता — मामांची गाठ असेल ती जिवंत, गाठ नसेल ती मेलेली. गाठ नसलेल्या एक्केचाळीस निघाल्या. बंद पडलेल्या जुन्या पॅकिंग हॉलच्या, बाहेरच्या कंत्राटदारांनी टाकलेल्या, अशा. त्यांतल्या काहींच्या टोकाला स्विचवरचा दिवा लागत होता, पण तो तसाही लागतो. पलीकडे एखादं विसरलेलं खोकं विजेला जोडलेलं असलं तरी पुरतं. खात्री म्हणून कंट्रोलरला विचारलं. दोन महिने तो सगळं नेटवर्क ऐकत बसला होता. तो म्हणाला, या एक्केचाळीस केबलींवर कोणी एक शब्द बोललेलं नाही. झालं. रविवारी कापायच्या.

रविवारी सकाळी मी, आमचे आयटीचे राऊत साहेब आणि कंट्रोलर बसवणाऱ्या कंपनीचा त्रिपाठी, असे तिघे हजर. राऊत साहेब बाहेर पडद्यासमोर बसले, त्रिपाठी नव्या रॅकपाशी, आणि मी कटर घेऊन जुन्या रॅकमागे. साडेदहाला सुरू केलं. यादीत बघायचं, फोटो बघायचा, कापायचं. तेवीस कापल्या. भराभर चाललं होतं. मी चक्क गुणगुणत होते.

चोविसावी. तीन नंबरचा रॅक, खालून दुसरी ओळ. कटर लावला आणि बोटांना काहीतरी टोचलं.

गाठ.

हिरवी, नायलॉनची.

मी कटर बाजूला घेतला. आधी वाटलं केबल चुकली. नंबर पाहिला, बरोबर. फोनमधला फोटो उघडला... गुरुवारी संध्याकाळी चार वाजून दहा मिनिटांनी मी स्वतः काढलेला. तीच केबल, तोच पोर्ट, प्लगवरचा तोच तुटका खटका. आणि फोटोत केबल उघडी. गाठ नाही. मी फोटो मोठा केला, अजून मोठा केला, नुसते ठिपके दिसेपर्यंत मोठा केला. नाही.

भीती म्हणाल तर नव्हती हो. लहानपणी गणित चुकलं की मागून कोणीतरी पाटीवर बोट ठेवतं, तसं वाटलं.

"त्रिपाठीजी, ये गाँठ आपने बाँधी?"

त्रिपाठी आला, वाकून पाहिलं. "कौन सी गाँठ? मैडम, मैं तो कल शाम को आया हूँ। काट दीजिए, controller में इस पे कुछ नहीं दिख रहा।"

राऊत साहेबांनी बाहेरून आवाज दिला, "काय झालं गं? साडेअकराला मोठा स्विच बंद करायचाय."

"साहेब, या केबलला गाठ आहे."

"मग?"

"मग ती मेलेली नाही."

राऊत साहेब मामांबरोबर वीस वर्षं काम केलेले. त्यांनी घड्याळ पाहिलं आणि म्हणाले, "जा, बघून ये. अर्धा तास देतो."

मी केबलीमागून निघाले. जमिनीवरच्या फरशा उचलत भिंतीपर्यंत, भिंतीतून बाहेर, इमारतीच्या मागून, पाइपांच्या वरच्या पत्र्याच्या पन्हळीतून... आणि जिथे पन्हळ संपली तिथे ती केबल चक्क एका पाइपाला काळ्या चिकटपट्टीने बांधत पुढे नेलेली. हे काम मामांचंच, पण घाईचं. एका दुपारचं. मला तेव्हा आठवलं — मी लागायच्या कितीतरी आधी खोदकामात टाक्यांच्या यार्डाकडची मुख्य केबल तुटली होती, आणि मामांनी दोन तासांत दुसरी ओढून दिली होती, असं ते एकदा सांगत होते. तात्पुरती. उद्या नीट करू म्हणून. तुमच्याकडे आहे की नाही माहीत नाही, पण आमच्याकडे तात्पुरत्या गोष्टींचं आयुष्य सगळ्यात मोठं असतं.

केबल टाक्यांच्या यार्डात गेली आणि एका भिंतीवरच्या लाल पेटीत शिरली. भोंग्याची पेटी. टाकीत विषारी वायू वाढला की प्लांटच्या कंट्रोल रूममधला कॉम्प्युटर या पेटीला सांगतो आणि पेटी भोंगा वाजवते. पेटी स्वतःहून कधी काही बोलत नाही. नुसती ऐकते. दर महिन्याची चाचणी व्हायची ती पेटीवरचंच बटण दाबून, केबलीवरून कधी नाही. म्हणून कंट्रोलरला ती दिसलीच नाही. दोन महिने ती गप बसली होती, आणि मी तिला मेलेली ठरवलं होतं.

पेटीच्या शेजारच्या टाकीचं झाकण उघडं होतं. प्लांट बंद आहे तर टाकीही साफ करून घेऊ, असं मेंटेनन्सने परस्पर ठरवलेलं. झाकणापाशी सेफ्टीचा माणूस हातात वायू मोजायचा मीटर घेऊन बसला होता आणि टाकीच्या तळाशी दोन माणसं गाळ उपसत होती.

मी राऊत साहेबांना फोन लावला. "साहेब, मोठा स्विच बंद करू नका. कशाला हात लावू नका."

आणि मी तिथे उभी असताना भोंगा वाजला.

खोटं नाही सांगत. माझ्या डोक्यावर, हातभर अंतरावर. तळाचा गाळ ढवळला गेला आणि वायू सुटला, असं नंतर कळलं. वर झाकणाशी धरलेल्या मीटरला तो समजलाच नव्हता. समजला तो तळाजवळच्या सेन्सरला, सेन्सरने कंट्रोल रूमला सांगितलं, कंट्रोल रूमने माझ्या त्या चोविसाव्या केबलीवरून पेटीला सांगितलं. एक शिडीने वर आला, दुसऱ्याला वरून दोर धरून ओढला. खोकले, एकाला उलटी झाली, पाणी पाजलं, आणि दहा मिनिटांत बोलायला लागले. मी भिंतीला टेकून जमिनीवर बसले होते आणि हमसून हमसून रडत होते. त्यांतला बबलू नावाचा मोठ्या मिशांचा माणूस माझ्याकडे बघून म्हणाला, "मैडम, आप काहे रो रही हैं? टंकी से तो हम निकले हैं।"

त्या दिवशी पुढचं काम आम्ही थांबवलं. मग चौकशी सुरू झाली, म्हणजे माझीच माझ्यासाठी. सर्व्हर रूममध्ये, म्हणजे आमच्या त्या थंड खोलीत, कार्ड लावल्याशिवाय जाता येत नाही. गुरुवार संध्याकाळपासून रविवारपर्यंत आत गेलेली माणसं तीन — मी, राऊत साहेब, त्रिपाठी. त्रिपाठीला बुटाची लेस नीट बांधता येत नाही, ती दिवसभर लोळत होती. राऊत साहेबांनी आपल्या मुलीची शपथ घेतली. मग त्यांनी चष्मा लावून ती गाठ बराच वेळ न्याहाळली आणि म्हणाले, "ही तामोरेची नाही."

"का?"

"शेंडी बघ."

मी तोवर पाहिलंच नव्हतं. रॅकमधल्या सगळ्या गाठींची शेंडी उजवीकडे. हिची डावीकडे. आणि टोक वितळवलेलं नव्हतं. चावून तोडल्यासारखं, चपटं, ओबडधोबड होतं.

बुधवारी रजा टाकून मी दातिवऱ्याला गेले. सफाळ्यावरून वळले तेव्हाही वाटत होतं, परत फिरावं. मामी अंगणात सुके बोंबील गोळा करत होत्या. मला पाहून कमरेवर हात ठेवून उभ्या राहिल्या.

"तू ती कंपनीतली पोरी ना? लय लवकर वाट गावली गो तुला!"

मी मान खाली घातली. त्या हसल्या आणि म्हणाल्या, "जा, ओटीवर बसलाय तुजा मामा."

मामा खुर्चीत होते. बारीक झाले होते. उजवा हात मांडीवर निपचित. डाव्या पायाच्या अंगठ्याला दोरा अडकवलेला, दोऱ्याचं दुसरं टोक दातात, आणि डावा हात गाठ मारत होता. सावकाश. पायाशी हिरव्या दोऱ्याच्या गाठींचा ढीग. मला पाहून दोरा तोंडातून सुटला आणि अर्धा चेहरा हसला. मी त्यांच्या पायाशी जाऊन बसले आणि म्हणाले, "मामा, चुकलं माझं." बाकी जे पाठ करून गेले होते ते सगळं विसरले. त्यांनी डावा हात माझ्या डोक्यावर ठेवला आणि दोनदा थोपटलं.

मामी चहा घेऊन आल्या आणि सांगायला लागल्या. "हास्पिटलात व्हता तवापासनं हात असा असा करायचा. कायतरी राहिलंय, कायतरी सांगायचंय. पोरं बोलली, बोटीच्या कागदाचं असल. भाऊ बोलला, जाळं मागत असल. मंग दोरा आनून दिला. सात महिने झगडला बग... एक गाठ जमंना. राग राग करायचा, दोरा फेकून द्यायचा. आनि या आयतवारी सकाळी, चा घेता घेता, जमली! मी बोलली, ही पयली हाय, देवापुढं ठेवू. हात धुवून आले तवर गाठ नाय. अख्खी ओटी झाडली. खुर्चीखाली बगितली. नायच गावली." त्यांनी कप माझ्या हातात दिला. "पन त्या दिसापासनं शांत झालाय. रात्री झोपतो. तो हात तसा करायचा, ते बी बंद झालं."

मी ढिगातली एक गाठ उचलली. शेंडी डावीकडे. डाव्या हाताने बांधली की तशीच पडते. टोक चपटं, चावलेलं. विस्तवाजवळ त्यांना मामी जाऊ देत नाहीत, म्हणून दोरा दातांनी तोडतात.

मी फोन काढून मामींना फोटो दाखवला. रविवारी नंतर काढलेला, गाठ असलेला. त्यांनी फोन लांब धरून पाहिला.

"ही तर आमची," मामी म्हणाल्या. "तुज्या फोनात कशी आली?"

मी फोटो मामांसमोर धरला. "मामा... तुम्ही?"

त्यांनी फोटोकडे एकदाच पाहिलं, मग माझ्याकडे. पूर्वी मी प्लगमध्ये तारा उलट्या घातल्या की जसं बघायचे, अगदी तसं. हो नाही की नाही नाही. मी सांगितलं, भोंगा वाजला मामा. टाकीत दोन माणसं होती. दोघं बाहेर आली. मामांनी डोळे मिटले आणि बराच वेळ उघडले नाहीत. गाल ओले झाले तशा मामी पदराने पुसायला लागल्या, आणि मला हळूच विचारलं, "काय बोललीस गो त्याला?"

मग मीच म्हणाले, "आणि मामा, मी कायम झाले. ऑर्डर आली. केव्हाच आली, मीच सांगितलं नाही."

मामांनी डोळे उघडले. माझा डावा हात धरून स्वतःच्या गुडघ्यावर ठेवला. नवा दोरा घेतला, मनगटाभोवती फिरवला, एक टोक दातात धरलं. किती वेळ लागला सांगता येणार नाही. दोनदा सुटली. मामी मदतीला आल्या तर त्यांना मानेनेच हाकललं. तिसऱ्यांदा बसली, आणि त्यांनी दोरा करकरून चावून तोडला. निरगाठ.

आता मी महिन्यातून दोनदा जाते. प्रत्येक केबलीचा फोटो घेऊन. मामा मान हलवतात, बोटाने दाखवतात, आणि मी कंट्रोलरमध्ये नावं भरते. नवं नेटवर्क उत्तम चाललंय, मी त्याच्या विरोधात नाही बरं का. भोंग्याच्या पेटीला पक्की नवी केबल टाकली आणि दर मिनिटाला तिने "आहे" म्हणून सांगायचं, अशी सोयही केली. जुनी केबल मात्र मी काढू दिली नाही. ती तीन नंबरच्या रॅकमध्ये तशीच आहे, गाठीसकट.

राऊत साहेब म्हणतात, गाठ आधीपासून असेल, फोटोत उजेडामुळे दिसत नसेल. त्रिपाठी म्हणतो, मैडम, फोटो दूसरे केबल का होगा. मीही पुष्कळ डोकं फोडलं. जुन्या गाठी तपासल्या, कार्डांची नोंद तपासली, फोटोची वेळ तपासली. मामांनी हॉस्पिटलातून घरी आल्यापासून अंगण ओलांडलेलं नाही, तेही गावात चार जणांना विचारून झालं. माझ्याकडे स्पष्टीकरण नाही. तुमच्यापैकी कोणाकडे असेल तर खरंच सांगा, मला हवंय.

फक्त एवढंच, की माझ्या मनगटावरची गाठ मी माझ्या डोळ्यांदेखत बांधताना पाहिली आहे. रंग विटलाय, पण ती सुटत नाही. कधीकधी कोणी नसताना मी रॅकमागे जाते आणि मनगट त्या केबलीशेजारी धरून दोन्ही गाठी बघते... एकाच हाताच्या आहेत.